वेगावर तुळशीपत्र

गाय दान करणारे मी पाहिले, जमीन देणारे पाहिले, ऐन वैशाखात आपले जोडे दुसऱ्याच्या पायात घालून स्वतः चटके सोसत घरी जाणारे एक महाभागही पाहिले. पण वेगाचं दान केलेला माणूस मी साऱ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. पुढे पुढे सारं चिंचवड त्यांना आतोबाच म्हणू लागलं, ज्यांना आत्या नव्हती तेसुद्धा. अंगानं काटक, बोलणं मोजकं, मिशा मात्र दोन माणसांना पुरून उरतील अशा. एखादी गोष्ट पटली की ती पार टोकाला नेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कुणी कीर्तनकार सांगून गेला, की जेवताना बोलू नये. त्या दिवसापासून त्यांनी पानावर मान हलवणंही सोडलं, आणि ह्यांना आमटी हवी की नको हे आत्याला मिशांवरून ओळखावं लागे. ती ते बरोबर ओळखत असे. इतर पुष्कळ गोष्टी मात्र त्या दोघांनी एकमेकांच्या ओळखल्या नाहीत, आणि ही हकिगत त्याचीच आहे.

पन्नास सालानंतर पिंपरीच्या बाजूला नवे कारखाने उठू लागले, तेव्हा मी त्यांतल्या एकात कारकून म्हणून लागलो आणि आत्याकडे राहायला आलो. घराशेजारच्या गोठ्यात दोन बैल, एक म्हैस आणि एक शर्यतीची विलायती मोटार बांधलेली असे. बांधलेली म्हणजे खरोखरच बांधलेली. चाकाला दावं आणि दाव्याला खुंटी. ही मोटार गोठ्यात आली कशी त्याची गंमत आहे. संस्थानं विलीन झाली, आणि कुठल्याशा लहान संस्थानच्या राजाच्या धाकट्या भावाचा मोटारींचा नाद पुण्यात लिलावाला निघाला. आतोबा त्या लिलावाला गेले होते ते मळ्यात पाणी चढवायचं इंजिन मिळतं का बघायला. त्यासाठी आत्यानं हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या. संध्याकाळी आतोबा परत आले ते लांबलचक नाकाच्या, दोनच माणसं बसतील अशा, बिनटपाच्या तांबड्या मोटारीत बसून. असल्या गाड्या साऱ्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, असं जाणकार म्हणत. आत्यानं विचारलं, "इंजिन कुटं हाय?" आतोबा गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्ये काय, इंजिनच हाय. जरासं पळतं इतकंच." गावानं तिचं नाव ठेवलं भिंगरी. मळा पुढेही मोटेवरच भिजत राहिला.

भिंगरी आली त्या दिवशीचा एक प्रसंग मला शेजारच्या म्हातारीनं सांगितला. आत्यानं गाडीला ओवाळलं, नारळ फुटला, आणि आतोबांनी डाव्या बाजूचं चिमुकलं दार उघडून सगळ्यांदेखत बायकोला म्हटलं, "बस." आत्याची सासू तेव्हा हयात होती. ओट्यावरून ती गरजली, "उगड्या गाडीत, गावादेखत, नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून? सून हाय का तमाशातली बाई?" आत्यानं ताम्हण खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली. आतोबांनी दार लावून घेतलं. त्यानंतर त्या डाव्या जागेवर त्यांनी कुणालाही बसू दिलं नाही. पुढं मी एकदा लाडात येऊन विचारलं, तर म्हणाले, "ती जागा ठेवल्याली हाय." कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. सासूबाई वारल्या, आत्याच्या केसांत पांढरी बट आली, तरी त्यांनी पुन्हा दार उघडून "बस" म्हटलं नाही. आणि आत्याही कधी म्हणाली नाही, की बसू का. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसांना एवढीशी गोष्ट विचारायची लाज वाटते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं.

गाडी चालवायचे आतोबांचे नियम होते. गावात बैलगाडीच्या पुढं जायचं नाही, कारण बैल बुजतात. त्यामुळं ताशी शंभर मैल पळणारी ती गाडी उसाच्या गाडीमागून गुरगुरत, उसाच्या शेंड्याचे वाढे चघळत असल्यासारखी रेल्वे फाटकापर्यंत जाई. रविवारी सकाळी फेट्यावरून उपरणं घेऊन हनुवटीखाली गाठ मारायची, म्हणजे दाढ दुखणाऱ्या माणसासारखं ध्यान व्हायचं, आणि मुंबई रस्त्याला लागायचं. आकुर्डी मागं पडली की निगडीच्या माळावर रस्ता सरळ होई, आणि तिथं आतोबा तिला मोकळी सोडत. त्यांचा शब्द हाच होता, "मोकळी करून आणतो." खिल्लारी बैलाला आणावं तसं. तो आवाज माळावरून थेट आमच्या ओसरीपर्यंत येई. आत्या त्या वेळी जे काही करत असेल ते थांबवी. भाकरी थापत असली तर हात परातीतच राहायचा. आवाज परतीला लागला, की मग भाकरी तव्यावर पडायची. मला वाटायचं, ती काळजीनं थांबते.

एका रविवारी मुंबई रस्त्यावर लष्कराच्या गाड्यांची रांग लागली होती म्हणून आतोबा वाट बदलून चाकणच्या बाजूला गेले. मोशीच्या चढावर एक बैलगाडी अडली होती. एक बैल बसला होता तो उठायचं नाव घेत नव्हता, आणि गाडीत अडलेली बाळंतीण होती. नवरा कासरा सोडून रस्त्यात उभा राहून रडत होता. आतोबांनी त्या ठेवलेल्या जागेवर त्या बाईला बसवलं आणि चिंचवडच्या धर्मादाय दवाखान्याच्या दारात आणून सोडलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते गावातून बैलांच्या पुढं गेले. मुलगी झाली, बाई वाचली. संध्याकाळी बैलगाडीनं नवरा आला आणि आतोबांच्या पायावर डोकं ठेवायला लागला, तेव्हा आतोबांनी त्याला उचलून भिंगरीपुढं उभं केलं. "हिच्या पड पाया," म्हणाले. रात्री ओसरीवर ते मला म्हणाले, "दादा, इतकी वरसं ही नुसती पळत हुती. आज पयल्यांदा पोचली बघ."

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी भिंगरी बाहेर काढली आणि फाटकापासूनच परत आणली. पुढच्या रविवारी काढलीच नाही. आणि मग एक दिवस गाडी दवाखान्याला देऊन टाकायची असं त्यांनी जाहीर केलं. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. मुंबईच्या, लग्न न केलेल्या, मोटार चालवता येणाऱ्या; या तिन्ही गोष्टींमुळं गाव त्यांना थोडं भिऊनच असे. शहाण्या लोकांनी आतोबांना सांगितलं, की ही गाडी विका आणि आलेला पैसा दवाखान्याला द्या, दोन माणसांच्या गाडीत रोगी काय बसवणार? आतोबा म्हणाले, "गाय इकून कुनी दुदाचं पैसं दान करतंय का? मला गाडीच द्याची हाय." उपमा चुकीची आहे हे शहाण्यांना कळत होतं, पण कुठं चुकली ते सापडत नव्हतं.

दान आतोबांच्या पद्धतीनं झालं. कागदावरच्या सह्या डॉक्टरीणबाईंनी करून घेतल्या, पण आतोबांच्या लेखी त्या सह्यांना काही अर्थ नव्हता. त्यांनी गुरुजी बोलावले. अंगणात पाट मांडला, भिंगरीच्या नाकाला हळदकुंकू लागलं, आतोबांच्या उजव्या हातावर तुळशीपत्र आलं, आणि गुरुजी म्हणाले, "यजमानीणबाई, यजमानांच्या हाताला हात लावा." आपल्याकडे नवऱ्यानं काही दिलं, सोडलं, तर बायकोचा हात त्याच्या हाताला लागावा लागतो, तिची संमती त्या स्पर्शात असते, आणि तिच्याशिवाय दिलेलं अर्धंच पोचतं. आत्या पाटावरून उठली. "दूद ठिवलंय चुलीवर," म्हणाली आणि आत गेली. सगळे थांबले. गुरुजींनी दोनदा घसा साफ केला. आत्या काही बाहेर आली नाही. शेवटी गुरुजी खाली बघत पुटपुटले, "असू द्या, पुढं जाऊ." आतोबांनी एकट्यानं पाणी सोडलं आणि ते तुळशीपत्र गाडीवर ठेवलं. त्या दिवसांत आमची म्हैस आटलेली होती. घरात दुधाचा थेंब नव्हता, आणि हे मला ठाऊक होतं तसं आतोबांनाही ठाऊक होतं.

गावानं त्याचा अर्थ लगेच लावला. पाटल्या गेल्या त्या गाडीत, आता गाडी गेली फुकट, बाई रुसणार नाही तर काय! आतोबांनीही तोच अर्थ लावला असावा. ते आत्याला काही विचारायला गेले नाहीत. त्यांनी दुसरंच काही केलं. दान दिलेल्या वस्तूचा दात्यानं उपभोग घेऊ नये, असा शास्त्राचा दंडक आहे. एखाद्यानं त्याचा अर्थ इतकाच घेतला असता, की आता त्या गाडीत बसायचं नाही. आतोबांना तो अर्थ तोकडा वाटला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुण्याला जायला आगगाडीची वेळ सांगितली, तर म्हणाले, "न्हाई दादा. गाडी दिली म्हंजी काय दिलं? पत्रा का दिला? येग दिला. आता येगावर माजा हक न्हाई." आणि चालत पुण्याला गेले.

ते पुढं कित्येक वर्षं चालतच राहिले. आगगाडी नाही, बस नाही, टांगा नाही, सायकलचा दांडा नाही. बैलगाडीला मुभा होती, कारण ती माणसापेक्षा पुढं जात नाही. पण उतारावर बैलांनी दुडकी धरली, की आतोबा मागच्या मागं उडी टाकून उतरत आणि सपाटी आल्यावर पुन्हा चढत. चाकणला भाच्याचं लग्न होतं, तर आदल्या दिवशी पहाटे निघाले. वाटेत भोसरीला कुणी चहाला बसवलं, मोशीला ती भिंगरीतून पोचलेली बाई भेटली, तिनं जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही, पुढं कुणाच्या विहिरीचा वाद मिटवावा लागला. आतोबा मांडवात पोचले तेव्हा आचारी भांडी घासत होते. त्यांनी नवरानवरीला आशीर्वाद दिला, दोन लाडू खाल्ले आणि लगेच परत निघाले, कारण घरी दोन दिवसांनी श्राद्ध होतं. मुंबई रस्त्यावर ओळखीचे कंडक्टर मुद्दाम बस थांबवायचे. "बसा की आतोबा, जागा हाय." आतोबा हात जोडायचे. "येग दिलाय रं बाबा." नवा कंडक्टर असला तर तो म्हणायचा, "कुनाला येळ दिलाय? मी सोडतो तितं!" आणि साऱ्या बसला हसू यायचं.

मी हसत नव्हतो, कारण संध्याकाळी घरी काय होतं ते मी बघत होतो. आतोबा ओसरीवर टेकले, की आत्या घंगाळात मीठ घातलेलं कडत पाणी आणून ठेवी. ते मुकाट्यानं त्यात पाय सोडत. भेगांत मीठ गेलं की मिशांचं एक टोक हलायचं. आत्या तिथंच उभी राहायची, आणि दोघंही पाण्याकडे बघायची. ह्या माणसाला चालण्याचं दुःख नव्हतं. आपण आयुष्यात एकच मोठी गोष्ट दिली आणि ती देताना बायकोचं मन मागं राहिलं, म्हणजे ते दान देवाच्या दारात अजून उंबऱ्यावरच अडून आहे, ही बोच त्यांच्या मनात होती. मला त्यांनी एकदाच बोलून दाखवलं. "हात लागला असता तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "विचारा की आत्याला." त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

इकडं भिंगरी मात्र जोरात होती. डॉक्टरीणबाईंनी डाव्या बाजूची पाठ काढून तिथं कापसाची गादी अंथरली आणि त्या स्वतःच ती गाडी हाकू लागल्या. तळवड्यापासून चाकणपर्यंत कुठंही बाई अडली, की धुरळ्याचा लोट उठायचा. रोगी पुढं गाडीत आणि नवरा मागून बैलगाडीत, अशी वहिवाटच पडली. नवरा पोचेपर्यंत पोराला दुपटं गुंडाळून झालेलं असायचं. त्या भागातल्या त्या वर्षांतल्या मुलांना लोक 'भिंगरीची पोरं' म्हणत. आवाज आला, की आतोबा वाटेच्या कडेला उभे राहत आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत फेटा काढून हातात धरत. धुळीनं मिशा पांढऱ्या व्हायच्या.

दशक सरत आलं तसे गाडीचे सुटे भाग मिळेनासे झाले. पावसाळ्यात तर रोग्यावर छत्री धरून बसायला जागाच नव्हती. तशात मुंबईच्या एका शेठजींना भिंगरीचा सुगावा लागला. ह्या गृहस्थांना जुन्या शर्यतीच्या गाड्या जमवायचा छंद होता. त्यांनी दवाखान्यात येऊन गाडी पाहिली, गादी पाहून कपाळाला हात लावला, बॉनेटला हात लावून हळूच काहीतरी बोलले, आणि तिच्या बदल्यात दवाखान्याला नवीकोरी बंद गाडी द्यायला तयार झाले, जिच्यात रोगी आडवा झोपेल आणि शेजारी सुईण बसेल. डॉक्टरीणबाईंना अशी बंद गाडी हवीच होती. पण त्या माणुसकीच्या होत्या. रविवारी सकाळी त्या शेठजींना घेऊन भिंगरीतूनच आमच्या अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "आतोबा, तुमच्या संमतीशिवाय मी ही गाडी देणार नाही."

आतोबा पेचात पडले. दिलेल्या वस्तूवर त्यांचा अधिकार नव्हता, मग संमती कसली द्यायची? त्यांनी मला गुरुजींना आणायला पाठवलं. गुरुजी आले, तसं आतोबांनी विचारलं, "दान दिल्याली गाय घेणाऱ्यानं दुसऱ्याला दिली, तर दोष कुनाला?" गुरुजी आता म्हातारे झाले होते, आणि ती गोष्ट त्यांनाही इतकी वर्षं डाचत असावी. ते उपरण्यानं चेहरा पुसत म्हणाले, "दोषाचं राहू द्या. खरं सांगू का? ते दान अजून पुरंच झालेलं नाही. यजमानीणबाईंचा हात लागला नव्हता."

"ठावं हाय मला," आतोबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला, की शेठजींनी मला "काय म्हणाले?" असं खुणेनं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण कागदावर सगळं पक्कं आहे."  आतोबा दाराकडे वळले. दारात आत्या उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस काही विचारणार नाही, आणि ही काही बोलणार नाही, आणि दवाखान्याची नवी गाडीही हातची जाईल.

आतोबा म्हणाले, "पाटल्यांचा राग असंल तर तो माज्यावर ठिव. दवाखान्यावर ठिवू नगंस."

"पाटल्या?" आत्या म्हणाली. "कसल्या पाटल्या घिऊन बसलाय! माजी फेरी ऱ्हायली हुती."

अंगणात कुणालाच काही कळलं नाही. आत्या ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली आली. मी तिला इतक्या माणसांसमोर बोलताना कधी पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती थांबली नाही. "दार उगडून बस म्हनालात त्या दिशी, आन मी आत ग्येले. सासूबाई ग्येल्यावर वाट बगितली, आता म्हनाल, मग म्हनाल. दर ऐतवारी आवाज ऐकायची. आन येक दिस गुरुजी म्हनले, हात लावा. मन मागं ठिवून हात लावायचा व्हय? तसलं दान कुटं पोचतं?"

आतोबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काय फिरत होतं ते हळूहळू मिशांवर येत गेलं. मग ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "म्हंजी गाडी गेलीच नव्हती. म्हंजी येगबी गेला नव्हता. मग मी इतकी वरसं चाललो ते कशापायी?"

"मी कवा म्हनलं, चाला म्हनून?" आत्या म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. "पाय बगून जीव तुटायचा माजा. वाटायचं, इचारतील. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी गाडीतली गादी काढून माझ्या हातात दिली आणि सीटची पाठ आणायला माणूस दवाखान्यात धाडला. ती येईपर्यंत कुणी बसलं नाही. शेठजींचा जीव खालीवर होत होता. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की ह्या गृहस्थांनी किती वर्षांत गाडी चालवलेली नाही. मी सांगितलं, तसे ते ओट्यावर जाऊन बसले आणि डोळे मिटून घेतले. आतोबांनी फेट्यावरून उपरणं घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. मग डाव्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "बस."

आत्या बसली. नऊवारीचा घोळ आवरून, हात मांडीवर ठेवून, लग्नात पाटावर बसतात तशी. शेजारची ती म्हातारी दारात आली होती. ती काहीतरी बोलेल अशी मला भीती वाटली. ती म्हणाली, "पदर खोचून घे गं पोरी, वारं लई असतंय."

गावातून ते बैलगाडीमागूनच गेले. पुढं कडब्याची गाडी होती, तिच्यामागून भिंगरी गुरगुरत फाटकापर्यंत गेली. वाटेवर बायका दारात आल्या, पारावरची माणसं उठून उभी राहिली, पण कुणी हसलं नाही. मग काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. आम्ही सारे ओसरीवर कान देऊन बसलो होतो. आणि निगडीच्या माळावरून तो आवाज आला. तो चढत गेला, चढत गेला, पूर्वी कधी ऐकला नव्हता इतका. शेठजी डोळे न उघडता म्हणाले, "अशी पळताना मी कुठलीच गाडी कधी ऐकली नव्हती." भाकरीवर हात थांबवणारं माणूस आज घरात नव्हतं, माझाच हात चहाच्या कपावर तसाच राहिला होता.

परत आले तेव्हा आत्याचा पदर खांद्यावर होता आणि केस चेहऱ्यावर आले होते. तिनं पदर डोक्यावर ओढला नाही. गुरुजींनी पुन्हा पाट मांडला, तुळशीपत्र आलं, आणि त्यांनी सांगायच्या आधीच आत्यानं आतोबांच्या हाताला हात लावला. पाणी सुटलं. शेठजींनी जोडे काढून गाडीला नमस्कार केला, आणि त्यांचा माणूस भिंगरी घेऊन मुंबईला गेला. दवाखान्यात नवी बंद गाडी आली. ती पुष्कळ सोयीची होती, पण तिच्यातून आलेल्या पोरांना कुणी वेगळं नाव ठेवलं नाही.

आता दान पुरं झालं होतं, म्हणून आतोबा खरोखरीच चालू लागले. फरक एवढाच झाला, की आता आत्याही चालू लागली. मी तिला समजावलं, की तुला कुणी बंधन घातलेलं नाही. ती म्हणाली, "हाताला हात लावलाय न्हवं? अर्दा येग माजाबी गेला." ती दोघं मोरयाच्या देवळाला, आठवड्याच्या बाजाराला, भोसरीच्या सोयऱ्यांकडे, सगळीकडे चालत जाऊ लागली. आधी आतोबा पुढं आणि आत्या चार पावलं मागं असत. नंतर नंतर बरोबरीनं असत. संध्याकाळी घंगाळात चार पाय असत.

आतोबा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मी स्कूटर घेतली तेव्हा पहिल्यांदा आत्याकडे गेलो, आणि देवळापाशी सोडतो, बस म्हणालो. ती हसली. "येग दिलाय रं, दादा." मग मी नवी कोरी स्कूटर हातानं ढकलत तिच्याबरोबर मुंबई रस्त्यानं चालत निघालो. अंगाला वारा लावत ट्रक जात होते, बसगाड्या जात होत्या, कारखान्यांचे भोंगे वाजत होते. चालता चालता ती मध्येच थांबली आणि निगडीच्या बाजूला बघत राहिली. मला वाटलं, दमली.

"तुला येक सांगू का?" ती म्हणाली. "त्या दिशी अंगनात हात लावला न्हवं, त्यो तुमच्यासाटनं. गुरुजींसाटनं. तितं माळावर, लई जोरात चालली हुती, डोळं उगडत नव्हतं, आन ह्यांचा डावा हात त्या गेरच्या दांड्यावर हुता. मी म्हनलं, आता काय ऱ्हायलं न्हाई माजं. आन त्या हातावर हात ठिवला. ह्यांनी वळून बगितलं. दान तितंच झालं हुतं बघ, दादा."

मग ती पुढं चालू लागली, आणि मी स्कूटर ढकलत तिच्यामागून गेलो.